कच्छच्या शंखांची कुळकथा

शाळिग्राम आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. स्वतःच्या देवघरात नसला तर तुळशीच्या लग्नात, एखाद्या मठात, नाहीतर नात्यातल्या कोणाच्या ताम्हनात. काळाभोर, गुळगुळीत, हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड. त्याच्या अंगावर किंवा छिद्राच्या आत एक चक्र दिसते. चक्रे किती, छिद्र कोठे, रेषा कशा वळल्या आहेत, हे पाहून जाणकार त्याला दामोदर, सुदर्शन, लक्ष्मीनारायण अशी निरनिराळी नावे देतात. खुणा पाहावयाच्या, सारख्या खुणांचे दगड एकत्र ठेवावयाचे आणि त्या गटाला नाव द्यावयाचे, हा उद्योग आपल्याकडे शेकडो वर्षे चालत आलेला आहे. वर्गीकरण म्हणतात ते ह्यालाच.

श्रद्धेचा प्रश्न आम्ही येथे घेत नाही. ज्याला नमस्कार करावयाचा त्याने तो अवश्य करावा. आम्हाला विचारावयाचे आहे ते इतकेच, की हे चक्र दगडात आले कोठून? ह्याचे उत्तर असे, की पुष्कळ शाळिग्रामांतील चक्र हा एका समुद्रप्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. नेपाळात मुक्तिनाथाच्या परिसरात काळी गंडकी ज्या काळ्या खडकातून वाट काढते, तो खडक सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी चिखल म्हणून साचला. पुढे तो तळ हिमालयाबरोबर उचलला गेला. नदी तो खडक झिजवते आणि आतले गोटे शंखासह मोकळे होतात. ह्या प्राण्यांना शास्त्रात ॲमोनाइट म्हणतात. प्राचीन इजिप्तमध्ये आमोन नावाच्या देवाला मेंढ्याची वळलेली शिंगे असत, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे ह्या शंखात आपल्याप्रमाणे दुसऱ्यांनाही देव दिसला होता.

ह्या लेखात सांगावयाची आहे ती मात्र गंडकीपेक्षा जवळची गोष्ट. ती कच्छची आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होईपर्यंत, म्हणजे १ मे १९६० पर्यंत, कच्छ आणि कोल्हापूर एकाच मुंबई राज्यात होते. त्या कच्छच्या टेकड्यांत ज्युरासिक काळातील ॲमोनाइट इतक्या विपुलतेने सापडतात, की जगातील अभ्यासकांना त्या बाजूला वळावेच लागते. त्यांतील एका कुलाची कहाणी आपण पाहू. त्या कुलाला नावे कशी मिळाली, नावांचे घोटाळे कसे झाले आणि ते निस्तरले कसे, हे पाहिले म्हणजे उत्क्रांती हा शब्द नुसता पुस्तकी राहत नाही.

प्राणी कसा होता

शंखात राहतो म्हणून ॲमोनाइटाला गोगलगाईचा सख्खा भाऊ समजू नये. त्याचे जवळचे नाते म्हाकुळाशी आणि अष्टपादाशी. मालवण-रत्नागिरीहून आपल्या मासळीबाजारात येणारे म्हाकूळ ज्यांनी पाहिले असेल, त्यांना डोक्याभोवती फुटलेले हात आठवतील. अशा प्राण्यांना शीर्षपाद म्हणतात. ॲमोनाइट त्याच वर्गातला. त्याचा शंख चकलीसारखा एका पातळीत गुंडाळलेला असे. आतून त्याला पडदे घालून कप्पे केलेले. प्राणी राहावयाचा तो सर्वांत पुढच्या मोठ्या कप्प्यात. अंग वाढले की तो थोडा पुढे सरके आणि मागे एक नवा पडदा घाली. मागच्या कप्प्यांतून एक बारीक नळी गेलेली असे. तिच्या योगाने आतले पाणी काढून टाकता येई, तेथे वायू भरे आणि जड शंखासकट प्राणी पाण्यात तरंगू शके. नॉटिलस नावाचा त्याचा एक दूरचा नातलग आजही समुद्रात जिवंत आहे आणि त्याची रचना अशीच आहे.

पडदा शंखाच्या भिंतीला जेथे चिकटतो, तेथे एक रेषा उमटते. तिला आपण शिवण म्हणू. नॉटिलसची शिवण साधी, हलके वळण घेतलेली असते. ज्युरासिक ॲमोनाइटाची शिवण मात्र कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली. ही नक्षी कुलाकुलाची वेगळी असते, म्हणून कूळ ओळखताना तिचा फार उपयोग होतो.

आता प्रश्न असा, की शिवण तर शंखाच्या आतल्या बाजूला, मग ती दगडावर दिसते कशी? आमचे बरेचसे आयुष्य शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्रीकामगारांत गेले, आणि त्या मंडळींना ही गोष्ट समजावून सांगण्यास आम्हाला कधी दोन मिनिटांवर वेळ लागला नाही. मोल्डमध्ये रस ओतला, तो थंड झाला, वाळू झाडून टाकली की कास्टिंग उरते; आणि मोल्डचे दोन भाग जेथे जुळले होते, तेथील रेघ कास्टिंगच्या अंगावर स्पष्ट दिसते. येथे शंख हाच मोल्ड. प्राणी मेला, शंखात चिखल किंवा चुना भरला, त्याचा दगड झाला. कालांतराने शंखाचे कवच विरघळून गेले. उरले ते आतले ओतीव, आणि त्याच्यावर शिवणीची रेघ.

शंख ओळखण्याच्या खुणा मुख्यतः चार. वेढा कापला तर त्याचा छेद गोल दिसतो, चपटा की त्रिकोणी; मधली नाभी रुंद आहे की अरुंद; अंगावरचे कंगोरे जाड आहेत की बारीक, आणि ते कोठे दुभंगतात; आणि शिवण कशी आहे. ह्यांत आणखी एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. ॲमोनाइट जुना शंख टाकून देत नाही, पुढे जोडीत जातो. त्यामुळे मोठ्या शंखाचे वेढे उलगडीत आत गेले, तर त्याचे तारुण्य आणि बालपण तेथे जसेच्या तसे सापडते. कामगाराच्या सर्व्हिस बुकात पहिल्या दिवसापासूनची नोंद असावी, तसे हे आहे. हे सर्व्हिस बुक पुढे एका मोठ्या वादाचा निकाल लावणार आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

कच्छचा समुद्र

त्या काळी भारत आजच्या जागी नव्हता. मादागास्कर, आफ्रिका, अंटार्क्टिका ह्यांच्याशी जोडलेल्या दक्षिणेकडील महाखंडाचा तो एक भाग होता. ह्या महाखंडाला भेगा पडू लागल्या आणि आफ्रिका व भारत ह्यांच्यामधल्या भेगेतून समुद्र आत शिरला. त्याचे पाणी कच्छवर पसरले. लाखो वर्षे तेथे गाळ, वाळू, चुना थरावर थर साचत राहिले. काही थर फारच देखणे आहेत. नाचणीच्या दाण्याएवढ्या गोल, सोनेरी-तपकिरी कणांचा एक चुनखडक तेथे आहे. त्याला अभ्यासक सोनेरी ऊलाइट म्हणतात आणि आपल्या कुलाचे शंख त्यात भरपूर मिळतात.

पुढे जमिनीखालील हालचालींनी हे थर पालथ्या कढईसारखे फुगले. झुरा, जुमारा, कीरा, हबो ही त्या घुमटांची नावे. पावसाने आणि वाऱ्याने ह्या पालथ्या कढयांचे माथे कापून टाकले. त्यामुळे आडवा कांदा चिरावा तसे थर उघडे पडले, सर्वांत जुना मध्यभागी आणि नवे सभोवार. घुमटाच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूस चालू लागावे, म्हणजे प्रत्येक पावलागणिक आपण काही हजार वर्षे पुढे येतो. असे उघडे पुस्तक फार थोड्या ठिकाणी आहे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मलेले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारे फर्डिनांड स्टोलिच्का ह्यांनी ह्या पुस्तकाचे चार अध्याय पाडले आणि त्यांना तेथल्याच स्थळांची नावे दिली: पच्छम, चारी, कात्रोल आणि उमिया. हे स्टोलिच्का १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखच्या डोंगरांत मरण पावले. तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस होते.

येथे आपल्या घरच्या दगडाबद्दलही दोन शब्द सांगावयास हवेत. पन्हाळा, जोतिबाचा डोंगर आणि कोल्हापूरची सारी भूमी ज्या काळ्या पाषाणाची आहे, तो लाव्हारसाचा आहे, आणि त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. म्हणजे कच्छच्या समुद्रात हे शंख तरंगत होते, त्यानंतर सुमारे दहा कोटी वर्षांनी आपला डोंगर जन्मास आला. म्हणूनच पन्हाळ्याच्या कड्यात कोणी ॲमोनाइट शोधू नये. तथापि तोच लाव्हा कच्छपर्यंत पोहोचला आहे आणि तेथे तो ह्या समुद्री थरांच्या वर बसलेला दिसतो. आजोबा खाली आणि नातू वर, अशी ही मांडणी कोणालाही डोळ्यांनी पाहता येते.

नावे ठेवणारे

कच्छचा नकाशा करून तेथील जीवाश्म विलायतेस नेणारा पहिला मोठा संग्राहक म्हणजे कॅप्टन ग्रँट. त्याने आणलेल्या शंखांची वर्णने सोवर्बी ह्यांनी १८४० साली प्रसिद्ध केली. त्या काळी साऱ्या जगातील असले शंख एकाच प्रजातीत, ‘ॲमोनाइटिस’ ह्या एकाच नावाखाली टाकले जात. ही म्हणजे साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला एकच आडनाव देण्यासारखी गोष्ट झाली. जसजसे शंख वाढले, तसतसे हे नाव अपुरे पडू लागले.

१८७३ ते १८७५ ह्या काळात विल्हेल्म वागेन ह्यांनी कच्छच्या शीर्षपादांवरील आपला ग्रंथ सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केला. हा माणूस विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. भारतात येण्यापूर्वीच, १८६९ साली, त्याने युरोपातील एका ॲमोनाइटाचे थराथरातून गोळा केलेले नमुने क्रमाने मांडून दाखवले होते. खालच्या थरातील शंख आणि वरच्या थरातील शंख ह्यांत थोडाथोडा, पण एकाच दिशेने जाणारा फरक त्याला आढळला. एकाच काळी, एकाच ठिकाणी दिसणारे फरक वेगळे आणि काळाच्या ओघात पडत जाणारे फरक वेगळे, असे त्याने बजावले आणि दुसऱ्या प्रकाराला ‘म्यूटेशन’ हा शब्द वापरला. आज हा शब्द आनुवंशिकीत निराळ्या अर्थाने रूढ आहे. पण त्याने आधी दगडात जन्म घेतला होता. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालचा. त्यानंतर दहाच वर्षांनी थरांच्या क्रमाने वंश मांडण्याचे हे काम झाले, हे विसरू नये.

आपल्या कुलाची मुख्य प्रजाती मॅक्रोसेफॅलाइटिस. ह्या शब्दाचा अर्थ मोठ्या डोक्याचा. १८८४ साली तिला हे नाव मिळाले. शंख जाडजूड, नाभी अरुंद, आणि कंगोरे बाहेरच्या कडेवरून न तुटता पलीकडे जाणारे. ह्या प्रजातीवरून कुलाला मॅक्रोसेफॅलिटिडी म्हणतात.

नंतर आले लंडनच्या बर्कबेक कॉलेजात शिकवणारे लेनर्ड स्पाथ. कष्टकऱ्यांना संध्याकाळी शिकता यावे म्हणून १८२३ साली निघालेल्या कारागीर-संस्थेतून हे कॉलेज वाढले, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. १९२७ ते १९३३ ह्या सहा वर्षांत स्पाथ ह्यांनी कच्छच्या शंखांची फेरतपासणी करणारा अवाढव्य ग्रंथ लिहिला. त्यांत शेकडो जाती आल्या. नवी कुले आली, नव्या प्रजाती आल्या. एकीचे नाव ‘इंडोसेफॅलाइटिस’, दुसरीचे कच्छमधील धोसा गावावरून ‘धोसाइटिस’. त्याच सुमारास इंग्लंडात बकमन नावाचे अभ्यासक मॅक्रोसेफॅलाइटिससारख्या दिसणाऱ्या शंखांतून नव्या नव्या प्रजाती कोरून काढीत होते. थोडा कंगोरा वेगळा, की वेगळे नाव. एके काळी सगळ्यांना एकच नाव होते; आता प्रत्येकाला स्वतंत्र नाव मिळण्याची वेळ आली.

जात आणि कुल हे शब्द येथे शास्त्राचे आहेत, हे शाहू महाराजांच्या करवीरात निराळे सांगावयास नको. शास्त्रातील जात म्हणजे आपसांत संतती होऊ शकणाऱ्या जीवांचा समूह. प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि कुल म्हणजे जवळच्या प्रजातींचे घराणे. ह्यांत वरचा कोणी नाही आणि खालचा कोणी नाही.

नवराबायकोची दोन घरे

नावांचा हा पूर ओसरला तो एका साध्या प्रश्नाने. एकाच थरात, शेजारीशेजारी, दोन प्रकारचे शंख पुन्हा पुन्हा का सापडतात? एक मोठा, वाढत गेल्यावर गुळगुळीत होणारा. दुसरा पुष्कळ लहान, शेवटपर्यंत कंगोरे ठेवणारा. शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळ्या जाती, कित्येकदा वेगळ्या प्रजाती मानले होते.

लहान शंख म्हणजे मोठ्याचे पिलू, असे म्हणावे तर तेही जमेना. ॲमोनाइटाची वाढ पुरी झाली की शेवटच्या शिवणी एकमेकींच्या जवळजवळ येतात आणि तोंडाची कड बदलते. माणसाला अक्कलदाढ आली की तो उंचीने कितीही लहान असला तरी पोर म्हणता येत नाही, तसे हे लक्षण आहे. लहान शंखांवर ही लक्षणे होती. म्हणजे ते लहान असूनही पूर्ण वाढलेले होते. मग अभ्यासकांनी मोठ्या शंखाचे वेढे आत आत उलगडले, वर सांगितलेले सर्व्हिस बुक उघडले, आणि त्याचे बालपण लहान शंखाच्या बालपणाशी ताडून पाहिले. दोन्ही अगदी एक! एका वयापर्यंत दोघे एकाच वाटेने चालतात, मग एक थांबतो आणि दुसरी पुढे वाढत राहते.

हे नर आणि मादी होते. पोलंडचे माकोव्स्की ह्यांनी १९६२ साली आणि इंग्लंडचे जॉन कॅलोमन ह्यांनी १९६३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे सविस्तर मांडले. आजच्या शीर्षपादांतील पुष्कळांचे उदाहरण धरून मोठा शंख मादीचा मानतात. ह्या कॅलोमनबद्दल दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, की त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय भूशास्त्राचा नव्हता. ते लंडनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. दुसरी, की त्यांचा हा निबंध कोठल्या राजधानीतील बड्या नियतकालिकात न येता लेस्टर ह्या गिरणगावच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळाच्या कार्यवृत्तात छापला गेला. हे मंडळ १८३५ साली नागरिकांनी स्थापलेले आणि व्याख्याने भरवणारे. आपल्या व्याख्यानमालेसारख्या ठिकाणाहूनही शास्त्राला वळण लागू शकते, ह्याचा दुसरा पुरावा देण्याचे कारण उरत नाही.

परिणाम असा झाला, की बकमन ह्यांनी वेगळ्या काढलेल्या डोलिकेफॅलाइटिस आणि कॅम्प्टोकेफॅलाइटिस ह्या प्रजाती आज सामान्यतः मॅक्रोसेफॅलाइटिसचेच नर समजल्या जातात. एका दांपत्याला दोन आडनावे देऊन दोन घरी बसवले होते, ते पुन्हा एका घरी आले. कारखान्यात एकाच यंत्रावर एकच काम करणाऱ्यांना कागदावर कायम, बदली, कंत्राटी अशी नावे असतात. नावावरून कामाचा अंदाज घेणारा फसतो. शास्त्रातही नाव म्हणजे नाते नव्हे. नाते तपासून घ्यावे लागते.

दुसरा घोटाळा मोजणीचा होता. मोर्चातील हजार माणसांतून दहा निवडली, तर उंच, मध्यम आणि ठेंगणी असे तीन वेगळे गट दिसतील. हजारही उभे केले की मधल्या सगळ्या उंची भरून निघतात. कच्छच्या शंखांचे तसेच झाले. निवडक नमुने कपाटात ठेवले तेव्हा जाडा आणि सडपातळ ह्या दोन जाती वाटल्या. एकाच थरातून भरपूर नमुने घेतल्यावर जाड्यापासून सडपातळापर्यंतची अखंड माळ मिळते. १९८७ साली बनारस हिंदू विद्यापीठाचे जय कृष्ण आणि कॅनडात काम करणारे वेस्टरमान ह्यांनी कच्छमधील मॅक्रोसेफॅलाइटिसचे थरांनुसार साहचर्य मांडले. १९९६ साली कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातील अभ्यासकांनी त्रिकोणी छेदाच्या ‘ट्रायअँग्युलॅरिस’ ह्या जातीचे वय, वाढ आणि नर-मादीभेद तपासले. ही जाती कच्छमधील ह्या कुलाची सर्वांत जुनी. आपल्या देशातील शंखांचा हिशेब आपल्या देशातील विद्यापीठे मांडू लागली, ही आनंदाची बाब आहे.

घराणे कोठून आले, कोठे गेले

हिशेब जुळल्यावर जी कुळकथा हाती येते, ती अशी. हे घराणे मूळचे पूर्वेचे. त्याचे फार जुने शंख इंडोनेशियाची सुला बेटे आणि न्यू गिनी ह्या भागांत, बॅथोनियन नावाच्या कालखंडाच्या थरांत मिळतात. त्या कालखंडाच्या उत्तरार्धात, सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी, ते कच्छमध्ये दिसू लागते. पुढचा कालखंड कॅलोव्हियन. त्याच्या आरंभाच्या सुमारास हे घराणे युरोपात पोहोचले आणि तेथे इतके पसरले, की त्या थरांची ओळखच ह्या शंखांवरून करतात. ज्युरासिकचे शास्त्र युरोपात जन्मले म्हणून सारे काही तेथूनच निघाले असावे, असा समज होता. येथे प्रवास उलट दिशेने झालेला आहे.

कच्छच्या समुद्रात मात्र ह्या घराण्याला स्थानिक फांदी फुटली. युसायक्लोसेरास आणि सबकॉस्माटिया ह्या तिच्यातील प्रजाती. ह्यांचा पसारा मुख्यतः कच्छ आणि मादागास्करच्या बाजूचा. समुद्राचा तो फाटा काहीसा एकाकी होता. बाहेरच्यांशी मिसळण कमी, म्हणून आतल्या आत वेगळेपण वाढले. एखाद्या खोऱ्यातील बोली आपले हेल धरून वेगळी होत जाते, तसे. कॅलोव्हियनच्या मध्यापर्यंत हे सारे घराणे मागे पडले आणि दुसऱ्या कुलांचे शंख थरांत भरू लागले. सगळा खेळ काही दशलक्ष वर्षांत आटोपला. पृथ्वीच्या वयात ही घटकाभराची गोष्ट.

येथेच कथा संपली असती. पण कच्छच्या धोसा ऊलाइट नावाच्या थरात, म्हणजे त्याही पुढच्या ऑक्सफर्डियन कालखंडात, पुन्हा तसेच जाडजूड, अरुंद नाभीचे शंख प्रकट होतात. त्यांतील एका जातीचे नाव आहे ‘माया’, आणि नाव अगदी शोभते. दिसावयास मोठ्या डोक्यांच्या घराण्यातले, पण त्या घराण्याचे शेवटचे शंख कितीतरी खाली राहिलेले. स्पाथ ह्यांनी १९२८ साली ह्यांचे वेगळे मायाइटिडी कुल केले. हे कुलही हिंदी महासागराच्या बाजूचे. मादागास्करपासून इंडोनेशियापर्यंत, आणि गंडकीच्या खोऱ्यात उघड्या पडलेल्या त्या काळ्या खडकाच्या तळाच्या भागातही त्याचे शंख मिळाले आहेत.

मग माया ही जुन्या घराण्याची वारस, की योगायोगाने तसेच रूप आलेली परकी? ह्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शार्क हा मासा आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी, पण पाणी कापण्यासाठी दोघांची अंगे सारखी झाली. तसे सारख्या राहणीमुळे शंखांनाही सारूप्य येते. नुसत्या रूपावर नाते ठरवता येत नाही. त्यासाठी मधला दुवा लागतो आणि तो दुवा ज्या काळातला, त्या काळचे थर कच्छमध्ये पातळ आहेत, काही ठिकाणी नाहीतच. पुस्तकाची पाने गळालेली आहेत. शास्त्र अशा वेळी गळालेल्या पानावर काय असावे ते स्वतः लिहीत नाही. ते शेजारच्या मुलुखात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधते. शास्त्राचा आम्हाला सर्वांत आवडलेला गुण हाच.

कुलाच्या दर्जाबद्दलही असाच वाद आहे. १९५७ सालच्या प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय ग्रंथात मॅक्रोसेफॅलिटिडी हे स्वतंत्र कुल होते. पुढे काहींनी त्याला स्फेरोसेरॅटिडी ह्या जुन्या कुलाची शाखा केले. वाचकांनी ह्यामुळे गोंधळून जाऊ नये. कुल म्हणावे की शाखा, हा सोयीचा प्रश्न आहे. कोण कोणापासून आले, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. पहिला बदलला म्हणून दुसरा बदलत नाही.

हे आपल्याला कशाला हवे

कामगारांच्या बैठकीत हा विषय निघाला की कोणीतरी विचारतोच, की ह्या मेलेल्या शंखांशी आमचा संबंध काय? संबंध आहे. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी नागरिक ह्यांनी सह्या करून त्यास विरोध केला. मुलांवरचा भार कमी करण्यासाठी हे केले, असे सांगितले गेले. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहेच, असेही म्हटले गेले. पण आमच्या फौंड्रीतल्या मोल्डरचा मुलगा दहावीनंतर आयटीआयला जातो, मुलगी वाणिज्य शाखा घेते. बारावीचे जीवशास्त्र त्यांच्या वाट्याला येत नाही. दहावीत जे सुटले, ते त्यांच्या आयुष्यातून सुटले. ज्याला वाचनालयाची वाट सापडेल तो ते पुढे मिळवील. पण सर्वांनाच ती सापडत नाही, हे स्वतः वाचनालयांत शिकलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको.

उत्क्रांती न शिकलेला माणूस उपाशी मरत नाही, हे खरे. परंतु जग जसे आहे तसेच ते पहिल्यापासून होते आणि तसेच ते राहणार, असे मानणाऱ्याला कोणीही गप्प बसवू शकतो. कच्छचे थर ह्याच्या उलट साक्ष देतात. समुद्र होता तेथे रण झाले. घराणी उदयास आली, पसरली, लयास गेली. शेवटी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपला काळा दगड तयार होत होता त्याच सुमारास, ॲमोनाइटांची अखेरची कुलेही नाहीशी झाली. ह्यांतील एकही गोष्ट कोणाच्या शब्दाखातर मानावयाची नाही. थर आहेत, शंख आहेत, ज्याला शंका असेल त्याने मोजून पाहावे.

म्हणूनच जाता जाता एक विनंती. आता कोल्हापूरहून कच्छला सहलीने जाणारे पुष्कळ आहेत. तेथे टेकडीवर शंख दिसला तर तो खिशात घालू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे, मुलांना दाखवावा, आणि जेथल्या तेथे ठेवावा. थरातून उचललेला शंख शोभेची वस्तू होतो. थरात असलेला शंख साक्षीदार असतो. माया कोणाची मुलगी, हा प्रश्न अजून सुटावयाचा आहे, आणि त्याचे उत्तर सांगणारा शंख कदाचित अजून त्याच टेकडीच्या उतारावर पडलेला असेल.